कॅज्युअल्टीतली वही: ट्रॉमा आणि अपघात-प्रतिबंधात डॉक्टरचं करिअर कसं घडतं

प्रश्न असा आला होता: "सर, मी डिचोली तालुक्यातली. एमएस जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. ट्रॉमातच राहायचं असं मनानं घेतलंय, आणि जखमा शिवता शिवता अपघातच कमी व्हावेत यासाठीही काही करावंसं वाटतं. सीनियर म्हणतात, यात ना पैसा ना नाव, त्यापेक्षा लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून शस्त्रक्रिया) शीक. या वाटेनं गेलेल्या डॉक्टरांचं पुढे नेमकं काय झालं? सर्जरीतून हे जमतं की पीएसएम (सार्वजनिक आरोग्याचा विषय) करावं लागतं? गोव्यात राहून होतं, की दिल्ली गाठावी लागते? थीसिसचा विषयही ठरायचा आहे."

तुझा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. गोव्यात राहून हे होतं. माझ्या मते तर देशात हे काम जिथे नीट उभं राहू शकेल अशा मोजक्या जागांत गोवा बसतो. का, ते पुढे येईल. मी हाडांचा डॉक्टर, तीस वर्षांहून जास्त काळ गोव्यातच, त्यातली बरीचशी सरकारी नोकरीत. त्यामुळे जे लिहितो त्यातलं काही वाचलेलं आणि बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं.

नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली असतील. पावसाळ्यातली पहाट. एका पदेराला घेऊन आले. अंधारात सायकलवरून पाव वाटायला निघालेला, मागून टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलेलं. आधी ज्या रुग्णालयात नेलं होतं तिथे पोलिसांचा कागद येईपर्यंत त्याला बाकावर आडवं करून ठेवलं होतं. पायाला फळी नाही, हाताला सलाइन नाही. मांडीच्या मोडलेल्या हाडाभोवती लिटर-दीड लिटर रक्त सहज साठतं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. आमच्याकडे पोचला तेव्हा ओठ पांढरेफटक, नाडी हाताला लागेना. त्याच्या बाहीला चिकटलेलं पीठ पावसानं भिजून कणकेसारखं झालं होतं. तो गेला. आधी उपचार, मग कागद, असं सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगून ठेवलं होतं. त्या बाकापर्यंत ते पोचलं नव्हतं.

चार दिवसांनी मी म्हापशाच्या बाजारातून जमाखर्चाची एक लांबडी वही आणली आणि रकाने आखले. तारीख. किती वाजता लागलं. किती वाजता आमच्याकडे आला. मध्ये कुठे नेलं होतं. कुणी आणलं, कशातून आणलं. हेल्मेट होतं का. असलं तर पट्टा लावलेला होता का. आणि 'कुठे' हा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला. तिथे 'रस्त्यावर' एवढंच लिहायचं नाही, असा स्वतःला नियम घालून घेतला. कुठलं वळण, कुठला खांब, कुणाच्या दुकानासमोर, ते विचारूनच लिहायचं.

पाच-सहा महिन्यांनी वही चाळायला बसलो तर एक वळण पुन्हा पुन्हा येत होतं. रविवारी स्कूटर काढून तिथे गेलो. वळणाचा फलक आंब्याच्या फांद्यांत पूर्ण झाकलेला, आणि डांबराची कड संपते तिथे साइडपट्टी वीतभर खचलेली. समोरून बस आली की दुचाकीवाला कडेला सरकणार, पुढचं चाक त्या खाचेत उतरणार, आणि परत वर घ्यायला गेला की गाडी आडवी. दोन तास उभा राहिलो तेवढ्यात एकाला तोल सावरताना पाहिलं. वहीतली पानं नकलून घेऊन सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे गेलो. भला माणूस. तारखा आणि जखमांची यादी पाहून तो स्वतः जागेवर आला. पट्टी भरली, फांद्या छाटल्या, फलक पुढे आणला. त्यानंतर त्या वळणाचं नाव माझ्या वहीत क्वचितच आलं. त्या वर्षी मी किती ऑपरेशनं केली ते मला आठवत नाही, ते वळण मात्र लक्षात आहे.

हे सविस्तर सांगायचं कारण असं की, या क्षेत्रात मोठं काम केलेल्या डॉक्टरांची आयुष्यं वाचशील तर बहुतेकांच्या मुळाशी अशीच एखादी वही सापडते. आधी एक रुग्ण मनातून जात नाही. मग डॉक्टर मोजायला लागतो. मग मोजलेलं काखेत मारून रुग्णालयाच्या बाहेर पडतो, जिथे त्याला कुणी बोलावलेलं नसतं. पहिल्या दोन पायऱ्या खूप जण चढतात, तिसरी थोडे. करिअर त्या तिसऱ्या पायरीवर घडतं.

ह्यू केर्न्सचं उदाहरण मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इंग्लंडात नावाजलेला न्यूरोसर्जन. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडला. डोक्याला जबर मार. सहा दिवस बेशुद्ध राहून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होता. करण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं, आणि तेच त्याच्या मनाला लागलं. पुढे महायुद्ध सुरू झालं. लष्कराचे निरोपे मोटरसायकलींवरून अंधारात, दिवे झाकून धावत आणि मरत. केर्न्सनं त्या डोक्याच्या जखमा मोजायला घेतल्या आणि १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. हेल्मेट घातलेले रुग्ण त्याला मोजकेच मिळाले होते, पण त्यांच्या जखमा वेगळ्या होत्या, हलक्या होत्या. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सक्तीनंतर मृत्यू कसे उतरत गेले ते त्यानं १९४६ मध्ये पुन्हा मांडलं. १९५२ मध्ये तो वारला. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य दुचाकीस्वारांना हेल्मेटसक्ती झाली १९७३ मध्ये. लॉरेन्सच्या मृत्यूपासून मोज: अडतीस वर्षं. या कामाचा वेग हा असा आहे, तो आधीच मान्य करून ये.

आज हेल्मेटबद्दल शंकेला जागा नाही. अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो असं दिसलं. तरी आपल्याकडे रात्री येणाऱ्या पोराच्या कोपरात हेल्मेट अडकवलेलं असतं. मी ते कोपरातून काढून बाजूला ठेवलंय, कितीतरी वेळा. त्याच्यावर एक ओरखडाही नसतो, आणि ज्या डोक्यासाठी ते घेतलं होतं त्याचं सीटी स्कॅन पाहवत नाही. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस गेला की कोपरात. मागे बसलेल्या बायकोच्या नि मधे बसलेल्या मुलाच्या डोक्याला तर तेवढाही आधार नसतो.

दुसरा माणूस विल्यम हॅडन. हा सर्जन नव्हे, सार्वजनिक आरोग्याचा डॉक्टर, आणि तुझ्या पीएसएमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच्यात आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये गाड्यांखाली सापडून मेलेल्या पादचाऱ्यांचा अभ्यास त्यानं आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची रीत बघ. जिथे माणूस मेला त्याच जागी, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळेला हे लोक जाऊन उभे राहायचे, आणि तिथून जाणाऱ्या जिवंत पादचाऱ्यांना थांबवून त्यांचं वय विचारायचे, श्वासाचा नमुना घ्यायचे. मेलेला माणूस दारू प्यायलेला होता एवढं कळून काय उपयोग? त्या वेळी त्या रस्त्यावरून जाणारे बाकीचे किती प्यायलेले होते ते कळल्याशिवाय दोष दारूचा की रस्त्याचा हे सांगता येत नाही. मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झोप लागली नव्हती, कारण माझ्या वहीत फक्त पडलेले होते. न पडता त्याच वळणावरून गेलेल्यांकडे मी पाहिलंच नव्हतं.

हॅडन १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा यंत्रणेचा पहिला प्रमुख झाला, आणि १९६९ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेचा अध्यक्ष होता. 'अपघात' हा शब्दच त्याला खटकायचा, कारण त्यात नशिबाचा वास आहे. त्याचा तक्ता, हॅडन मॅट्रिक्स, तू पीएसएमच्या परीक्षेपुरता पाठ केला असशील. तो पुन्हा काढ आणि माडावरून पडलेल्या माणसावर लावून बघ. पडण्याआधी, पडताना, पडल्यानंतर असे तीन काळ. माणूस, साधन, परिसर असे तीन रकाने. मिळून नऊ खण. पडण्याआधी: पावसानं शेवाळलेलं खोड, वय झालेला पाडेली (नारळ पाडणारा), चढायचं यंत्र घरात पण वापरात नाही. पडताना: कमरेला दोर नाही, खाली चिऱ्यांचा गडगा. पडल्यानंतर: चौघांनी हातपाय धरून उचललं, रिक्षात दुमडून बसवलं, आणि मणक्यात जी काही नस शाबूत होती तीही गेली. नऊ खणांतल्या एकाच खणात तुझी सर्जरी आहे. उरलेल्या आठांत कुणी डॉक्टर उभा नाही.

आता व्यवस्था उभारणारे. बाल्टिमोरचा आर. अ‍ॅडम्स काउली हा हृदयाचा सर्जन. १९६० च्या सुमारास त्यानं दोन खाटांवर शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, रुग्णांचा अभ्यास सुरू केला. तिथे इतके लोक मरत की त्याला मरणाची प्रयोगशाळा म्हणत. त्यातून पुढे मेरीलँडचं प्रसिद्ध शॉक ट्रॉमा सेंटर झालं आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जखमी आणायची सोय झाली. 'गोल्डन अवर' हा शब्द त्याचाच. साठ मिनिटांची ती रेघ कुठल्या कडक प्रयोगातून आलेली नाही, हे तू लक्षात ठेव. पण त्या एका शब्दानं आमदार-खासदारांच्या डोक्यात जे शिरलं ते शंभर शोधनिबंधांनी शिरलं नसतं.

जेम्स स्टायनरची गोष्ट वेगळी आणि फार दुखरी. नेब्रास्काचा हाडांचा डॉक्टर. फेब्रुवारी १९७६ मध्ये स्वतःचं छोटं विमान चालवत घरी परतताना शेतात कोसळला. बायको जागीच गेली. चार मुलं बरोबर, त्यांतली तीन गंभीर. कसंबसं जवळच्या छोट्या रुग्णालयात पोचल्यावर तिथे जे उपचार झाले ते पाहून तो हादरला. शेतात हाताशी काही नसताना आपण मुलांसाठी जे केलं ते यापेक्षा बरं होतं, असं त्यानं नंतर उघड सांगितलं. त्या रुग्णालयावर चिडून तो बसला नाही. गावातल्या डॉक्टरांना कुणी हे शिकवलेलंच नाही, हे त्यानं ओळखलं. सहकाऱ्यांना घेऊन १९७८ मध्ये त्यानं पहिला अभ्यासक्रम घेतला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो स्वीकारला. आज तू कॅज्युअल्टीत श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असं ज्या क्रमानं बघतेस ते एटीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) हेच. पदेराच्या बाकाची आठवण झाली की मला स्टायनर आठवतो. माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण तिथल्या त्या रात्रीच्या डॉक्टरला मांडी कशी बांधायची हे कुणी दाखवलं होतं का, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नव्हता. पुढे विचारायला लागलो आणि तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत जाऊन शिकवायला लागलो. रविवारी दुपारी, बहुधा जेवणानंतर, एक लाकडी फळी आणि चार पट्ट्या घेऊन. ते शिकवणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत उपयोगी काम असावं.

गोव्याला सगळ्यांत जवळचा वाटणारा माणूस मात्र चार्ल्स मॉक. अमेरिकन सर्जन, घानात काम केलेला. तिथे जखमींना रुग्णालयात आणायचे ते टॅक्सी-ट्रकवाले, कारण अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती. तेव्हा मॉक आणि त्याच्या घानातल्या सहकाऱ्यांनी ड्रायव्हरांनाच प्रथमोपचार शिकवले: रक्त कसं दाबून धरायचं, बेशुद्धाची मान कशी धरायची. नंतर तपासलं तर शिकलेले ड्रायव्हर ते खरंच वापरत होते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक ट्रॉमा सेवेची मार्गदर्शक पुस्तिका काढली तिचा तो प्रमुख लेखक, आणि सहलेखकांत आपले अहमदाबादचे अस्थिशल्यविशारद मंजुल जोशीपुरा. जोशीपुरा पुढे जागतिक आरोग्य संघटनेतच या कामासाठी गेले. घानातल्या ड्रायव्हरच्या जागी गोव्यातला पायलट, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाला, ठेवून बघ. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन नाक्यानाक्यावर उभा असणारा, गावातला प्रत्येक आडरस्ता ठाऊक असलेला माणूस. आपल्याकडे १०८ सेवा २००८ पासून आहे, तिच्या मोटरसायकल अ‍ॅम्ब्युलन्सही आहेत, आणि ते लोक चांगलं काम करतात. पण ते पोचेपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटं पायलटची, बसच्या कंडक्टरची, गाडेवाल्याची असतात. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत ओढायचं नाही, हे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नं पक्कं केलं. हे पायलटांना सांगितलंय कुणी? मी विचारतो तेव्हा बहुतेकांना ठाऊक नसतं. 'नंतर लफडं नको' म्हणून बाजूला उभे राहणारे तेच हात जखमीला धरू शकतात.

आपल्या देशातली आणखी काही नावं, म्हणजे 'यात नाव नाही' म्हणणाऱ्या सीनियरना सांगता येतील. एम. सी. मिश्रा यांनी एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर उभं केलं आणि पुढे ते एम्सचे संचालक झाले. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये जी. गुरुराज यांनी अपघातांच्या नोंदींची अशी शाळा घडवली की दुखापतींच्या साथरोगशास्त्राचा विषय निघाला की त्यांच्याकडे बोट जातं. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या एस. राजशेखरन यांनी उघड्या फ्रॅक्चरमध्ये पाय वाचवायचा की कापायचा हे ठरवण्यासाठी स्वतःच्या रुग्णांवरून गुणांकन तयार केलं. मुंबईचे सर्जन नोभोजित रॉय यांनी मोठ्या शहरांतल्या सरकारी रुग्णालयांतल्या जखमींच्या नोंदी एकत्र बांधल्या. आणि देशाबाहेरचं एक नाव: लंडनचे इयान रॉबर्ट्स, मूळचे बालरोगाकडचे, यांनी रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची क्रॅश-२ चाचणी घेतली: ४० देश, २० हजारांवर रुग्ण, त्यांत भारतातलेही पुष्कळ, निकाल २०१० मध्ये. स्वस्त औषध, तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू घटतात. तू रात्री ते इंजेक्शन भरतेस तेव्हा त्या चाचणीतल्या कुणा रेसिडेंटनं मध्यरात्री भरलेला फॉर्म तुझ्या हाताशी असतो.

आता गोवा का, ते. डोनाल्ड ट्रंकी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन काउंट्यांची (जिल्ह्यांची) तुलना केली. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एका तयारीच्या रुग्णालयात जायचे, ऑरेंज काउंटीत जवळ असेल तिथे. मेलेल्यांच्या फाइली काढून एकेक मृत्यू टाळता आला असता का ते तपासलं. डोक्याला मार नसलेल्यांत ऑरेंजमधले जवळपास दोन-तृतीयांश मृत्यू टळण्याजोगे निघाले, सॅन फ्रान्सिस्कोत तसे जवळजवळ नव्हतेच. त्या एका अभ्यासानंतर ऑरेंजची व्यवस्था बदलली.

आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांवर. जबर जखमी माणूस पेडण्यात पडो की काणकोणात, शेवटी बहुतेक वेळा बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतो. सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून येतात ते वेगळे. मुंबईत एका रस्त्यावरचे जखमी पाच ठिकाणी विभागतात आणि कुणाकडेच पूर्ण चित्र राहत नाही. इथे एका महाविद्यालयात, म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत आणि १०८ च्या नोंदींत बघितलं तर अख्ख्या राज्याची वही एका टेबलावर मांडता येते. असं काम करायला मिळावं म्हणून बाहेरचे लोक वर्षानुवर्षं झटतात. अलीकडच्या वर्षांत गोव्यात रस्त्यांवर दरवर्षी सुमारे अडीचशे-तीनशे माणसं जातात. देशाचा २०२२ चा आकडा १,६८,४९१ आहे, त्यापुढे हे थोडे वाटतील, पण म्हणूनच इथे एकेक मृत्यू हातात घेऊन तपासता येतो. आणि हृदयविकाराबाबत आपण हे करून दाखवलंय: छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी तालुक्यातून बांबोळीला जातो आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यानं तिथल्या तिथे गुठळी विरघळवणारं औषध मिळतं. त्याच तारा जखमींसाठी जोडायच्या आहेत.

एक सावधानता. तुझ्या कॅज्युअल्टीच्या वहीत जे पोचलेच नाहीत ते नसतील. त्यासाठी फॉरेन्सिकच्या डॉक्टरांशी ओळख ठेव, महिन्यातून दोनदा शवागारात जा. पोलिसांच्या आकड्यांत 'सेल्फ अ‍ॅक्सिडेंट' पुष्कळदा सुटतो, कारण स्वतःच घसरून पडलेला माणूस तक्रार कुणाविरुद्ध देणार? तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर खरं चित्र दिसतं.

सर्जरी की पीएसएम? सर्जरी सोडू नकोस. सरपंच, अभियंता, पोलीस अधीक्षक, सगळे आधी त्याच डॉक्टरचं ऐकतात ज्यानं परवा त्यांच्या गावच्या पोराचा जीव वाचवला. पण संख्याशास्त्र पीएसएमवाल्यांकडून शिकून घे, मनापासून, दाखल्यापुरतं नव्हे. एमएसनंतर एम्स दिल्ली आणि ऋषिकेश इथे ट्रॉमा सर्जरी अँड क्रिटिकल केअरचं एमसीएच, म्हणजे एमएसच्या वरची पदवी, आहे. तीन वर्षं तिकडे घालवून परत ये, परत यायचं ठरवूनच जा. इमर्जन्सी मेडिसिनला २००९ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली, तुझ्या ज्युनियरांना ती वाट सांग. एटीएलएस पहिल्या संधीला कर, आणि लगेच शिकवायला लाग.

पैशाचं खरं सांगतो. तुझ्या लॅप्रोस्कोपीवाल्या मित्रांना तुझ्याआधी घर होईल. ट्रॉमाचा रुग्ण वेळ घेऊन येत नाही आणि बऱ्याचदा खिशात काही घेऊनही येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार द्यायची केंद्राची योजना आहे, त्यानं खासगी रुग्णालयांची जखमी घ्यायची तयारी वाढावी अशी आशा. कोर्टाच्या समन्सचे दिवस मोजशील तर वर्षातला बराच काळ त्यात जाईल. जखमेचा दाखला आळसानं लिहू नकोस. अपंगत्वाच्या टक्केवारीवर कुणाच्या घरची चूल पेटायची असते. आणि गणेश चवथीच्या दिवशी, माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांसाठी) झाडावर चढून पडलेल्याला घेऊन लोक येतात तेव्हा तुझ्या घरी आरती चाललेली असेल. हे आईबाबांना आधीच सांगून ठेव.

थीसिससाठी रस्ता घेऊ नकोस. तो सगळेच घेतात. झाडावरून पडलेले घे. माड, पोफळ, काजू, फणस. पाडेली, रेंदेर (माडाची सूर काढणारे), बागायतीत मजुरीला आलेले, आणि हौसेनं चढलेले. वरून टाचांवर पडतात, टाच फुटते, धक्का मणक्यात जातो, बाराव्या पाठीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्यापाशी हाड चुरतं. तरुण माणूस, कमरेखाली पाय नाहीत, आणि सहा महिन्यांनी बैठकीला जखमा घेऊन परत येतो. प्रत्येकाला विचार: कुठलं झाड, किती उंच, खोड ओलं होतं का, दोर होता का, सकाळ की दुपार, खाली काय होतं, कसं उचललं, किती वाजता. शक्य असेल तिथे झाडापाशी जा. हॅडनचं ऐकून शेजारच्या वाड्यातला, त्याच आठवड्यात चढून सुखरूप उतरलेला एक पाडेली गाठून त्यालाही हेच प्रश्न विचार. डिचोलीत तुझं माहेर आहे, लोक तुझ्याशी बोलतील, आणि हे प्रश्न तू त्यांच्या भाषेत विचारू शकतेस, ही गोष्ट दिल्लीहून आलेल्या कुणाला जमणारी नाही.

प्रोटोकॉल नैतिकता समितीकडे द्यायची मुदत जवळ आली असेल. रकान्यांची यादी आधी हातानं कागदावर काढ, एका रात्रीच्या ड्युटीत तीन रुग्णांवर वापरून बघ. जो प्रश्न विचारताना तुला अवघडल्यासारखं होईल त्याच्यापुढे खूण कर आणि यादी मला पाठव, त्या खुणांवर आपण आधी बोलू.